मोकळ्या जागेचा टाका

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे!"

दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत असं कोणी मोठ्याने बोलत नाही. तिथे माणसं गाल धरून बसतात, मागच्या वर्षीची मासिकं चाळतात, आणि आतून येणाऱ्या यंत्राच्या आवाजाकडे आपलं लक्षच नाही असं दाखवतात. मीही तेच करत होते. अक्कलदाढ आली होती. "उशिरा का होईना, येतेय म्हणायची," असं म्हणून वहिनीने मला घराबाहेर काढलं होतं.

आवाज शेजारच्या खुर्चीतून आला होता. मांडीवर लॅपटॉप, उंच बांधा, आणि डाव्या भुवईवर निळ्या लोकरीचा एक तंतू. तो तंतू फुंकर मारून उडवावा असं मला वाटलं, पण ओळख नसलेल्या पुरुषाच्या भुवईवर फुंकर मारण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही. म्हणून मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवर माझं प्लगिन होतं.

प्रोग्राम लिहिणारी माणसं एडिटरमध्ये लिहितात. एडिटर म्हणजे साधी कोरी पाटी. तिला हाताखाली एक मदतनीस जोडून देता येतो, त्याला प्लगिन म्हणतात. माझा मदतनीस चार कामं करतो. एक कळ दाबली की निवडलेल्या ओळी गप्प होतात, म्हणजे असतात तिथेच, पण माणसासाठी लिहिलेली टीप समजून यंत्र त्या ओलांडून पुढे जातं. दुसरी कळ एखाद्या तुकड्याच्या सुरुवातीवरून थेट शेवटावर नेते. तिसरी लिहिलेलं चालवून दाखवते. चौथी झाडलोट करते. प्रत्येक भाषेच्या खुणा वेगळ्या, त्यामुळे नवी भाषा घ्यायची म्हणजे ही चारही कामं मदतनिसाला पुन्हा शिकवायची. पोटापाण्याची नोकरी वेगळी होती. हे मात्र माझं स्वतःचं. चाळीसेक भाषा मी त्याला शिकवल्या होत्या, कुठकुठले लोक तो वापरत होते, आणि त्यांपैकी कोणीही मला तोंडावर गाढव म्हटलं नव्हतं.

"त्या गाढवाला मी चांगली ओळखते," मी गाल धरूनच म्हणाले.

"अरे वा! मग सांगा त्याला—"

"तिला."

"तिला सांगा, की यादीत नसलेली भाषा दिसली की तुझं प्लगिन तोंड फिरवून बसतं. ही काय रीत झाली? निदान बसा, पाणी घ्या, असं तरी..." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीवर प्लगिनचं चिन्ह होतं, ते पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"गाढव. नमस्कार."

माणूस लाजतो तेव्हा त्याची किंमत कळते, असा माझा अनुभव आहे. काही जण हसून वेळ मारून नेतात, काही जण उलटे चिडतात. याचे फक्त कान लाल झाले, आणि त्याने सरळ "चुकलं" म्हटलं. मी मनातल्या मनात एक गुण त्याच्या जमेला मांडला.

"भाषा कुठली तुमची?"

"उलटसुलट."

"चेष्टा करताय?"

"नाव आत्याने ठेवलंय. विणकामात सुलट टाका, उलट टाका असतो ना, त्यावरून. आमचा स्वेटरचा कारखाना आहे. विणायच्या यंत्राला काय विणायचं ते या भाषेत सांगायचं."

"आणि लिहितं कोण ती?"

"जगात तीन माणसं. एक मी, एक आमची थोरली कारागीर..." त्याने डॉक्टरांच्या दाराकडे बोट केलं, "आणि एक आत कवळी बसवून घेतेय."

तेवढ्यात दार उघडलं. ताठ कण्याच्या एक बाई ओठ घट्ट मिटून बाहेर आल्या. नवे दात एकाएकी लोकांना दाखवायचे नाहीत असा निश्चय चेहऱ्यावर होता. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"कोण ही?"

"आत्या, ते प्लगिन यांनीच लिहिलंय."

"गाढव?" आत्याबाई म्हणाल्या. निश्चय मोडला आणि सगळे दात दिसले. "अगं, घरी रोज उद्धार चालतो तुझा! ये हो कारखान्यात एकदा. चेहरा बघितला, आता हात बघू."

"फायली पाठवून द्या, मी बघते," मी जरा तोऱ्यात म्हणाले.

"नुसत्या फायली वाचून नाही कळायची," तो म्हणाला. "आमच्याकडे ओळ विणून बघावी लागते."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. चाळीस भाषा शिकवलेली बाई मी, एक्केचाळिसावी वाचून का कळणार नव्हती?

डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत गोळ्या दिल्या आणि दाढ पुढच्या महिन्यात काढू म्हणाले.

*

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली होती, दोन्ही बाजूंना खिडक्या. यंत्राचा गाडा सुयांवरून इकडून तिकडे सरकायचा, खर्र, आणि परत यायचा, खर्र. उन्हाच्या पट्ट्यात लोकरीची लव तरंगत होती. घरी गेल्यावर वहिनीने माझ्या केसांतून तीन रंगांची लव काढली आणि विचारलं, "कोणाकडे गेली होतीस?"

"कामाला."

"हो का? काम बरंच मऊ दिसतंय."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव लोकरवाला पडलं.

लोकरवाल्याने पहिल्याच दिवशी खरी अडचण सांगितली. आत्याच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. तरुणपणी तिने ही भाषा एकटीने रचली होती, एका जुनाट काळ्या स्क्रीनवर, आणि अजून तिथेच लिहावी लागत होती. नव्या मुलींना ते नको व्हायचं. एक ओळ चुकली तर सगळं खोडून पुन्हा. महिनाअखेर नव्या यंत्राचा विक्रेता येणार होता. त्याच्या यंत्रावर चित्रं असायची, बोटाने उचलून ठेवायची, भाषेचं कामच नाही.

"आत्या म्हणते, मुलींना जमत नसेल तर ते यंत्र घेऊ," तो म्हणाला. "सही करेल ती. हसत करेल. आणि नंतर ओठ मिटून बसेल."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या मांडीवर बसून सुलट-उलट शिकलो. अक्षरं त्याच्यानंतर." तो यंत्राकडे बघत होता. "विक्रेता यायच्या आत एखाद्या मुलीला नव्या एडिटरमध्ये नीट लिहिता आलं, तर आत्याला पटेल. नाहीतर भाषा संपली."

आता खरं सांगते, माझं मन आधी त्याच्यावर गेलं नाही. आधी गेलं ते टिपांवर. उलटसुलटमध्ये ओळीच्या सुरुवातीला फुली मारली की ती टीप होते. तिला ते लोक गाठ म्हणतात. आत्याने जुन्या फायलींत जागोजागी गाठी मारून ठेवल्या होत्या. एकीत लिहिलं होतं, "इथून मान जाते. सैल ठेव. पोरं डोकं घालताना रडतात." दुसरीत, "हा रंग मला आवडत नाही, पण गिऱ्हाइकाला आवडतो. त्याचे डोळे, त्याचा स्वेटर." आणि मध्येच एक नवी टीप, "आत्या म्हणते सात टाके, मी म्हणतो आठ. बघू." खाली आत्याने लिहिलं होतं, "बघितलं. सात."

"ही तुमची?" मी विचारलं.

कान लाल. "ती खोडायची राहिली."

"खोडू नका. पुरावा आहे."

"कशाचा?"

"कोणाचं ऐकायचं ते तुम्हाला उशिरा का होईना, कळतं याचा."

"अक्कलदाढ तुमची आणि बोल मला?"

मी हसले तर दाढ ठणकली, आणि तो घाबरून पाणी आणायला धावला. पाण्याच्या पेल्यातही लव होती.

मग मी रोज संध्याकाळी जाऊ लागले. गाठीची आज्ञा पहिल्या दिवशी झाली. निवडलेल्या ओळींना एका कळीत गाठ बसते, त्याच कळीने सुटते. जाळीच्या नक्षीच्या पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर उडी मारायची आज्ञा दोन दिवस रुसून बसली, कारण आत्याच्या भाषेत एका जाळीत दुसरी जाळी उमलते. तिसऱ्या आज्ञेने फाईल थेट यंत्राकडे जायची. ती जमली त्या संध्याकाळी यंत्राचा गाडा माझ्या एका कळीवर हलला. खर्र. मी उभीच राहिले. चाळीस भाषांत मी अक्षरं हलवली होती, पण माझ्या कळीने खोलीतली एखादी वस्तू पहिल्यांदाच हलली होती.

"काय झालं?" लोकरवाल्याने विचारलं.

"काही नाही... पुन्हा करू?"

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. आम्ही ती कळ पुन्हा पुन्हा दाबली. नुसत्या आनंदापायी कोणाच्या मापाची नसलेली एक लांब निळी पट्टी विणली गेली. आत्याने लांबून पाहिलं, "लोकर फुकट येत नाही हो!" असं ओरडली, पण यंत्र बंद करायला आली नाही.

*

राहिली झाडलोट. ती मी घरीच केली, फायली वाचून, कोणाला न विचारता. ओळींच्या शेवटी विनाकारण मोकळ्या जागा राहिलेल्या असतात. लिहिणाऱ्याचा अंगठा पडतो, राहतात. चाळीसही भाषांत तो कचरा समजतात. आत्याच्या फायलींत तर ओळीच्या ओळी अशा, की शेवटी मोकळी जागाच जागा! मला मनातून जरा हसूच आलं. एवढी शिस्तीची बाई आणि केर काढायचा राहिला. फाईल जतन केली की शेवटचा केर आपोआप निघेल अशी सोय करून मी ती पाठवून दिली, आणि खाली लिहिलं, "आत्याबाईंचं घर झाडून दिलं."

दोन दिवसांनी गेले तर विणणाऱ्या मुली तोंडाला पदर, ओढणी, जे हाताशी असेल ते लावून हसत होत्या.

"काय झालं?"

"याने स्वेटर कुरतडला!" थोरली कारागीर लोकरवाल्याकडे बोट करून म्हणाली. "विक्रेत्यासमोर ठेवायचा नमुना होता. आम्ही जेवायला गेलो, यंत्र चालू होतं. येऊन बघतो तर डावी कड सरळ आणि उजवीकडे उंदीर लागल्यासारखं. फाईल याने बिघडवली, स्वतःच सांगितलं आत्याला. आता उसवेल बसून."

त्या कारखान्याची एक रीत होती. तिथे बिघडलेलं काही ठेवत नाहीत. ज्याने बिघडवलं त्याने मधल्या मोठ्या टेबलाशी बसायचं, सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने उसवायचं, आणि लोकर गुंडाळून फळीवर परत ठेवायची. पहिल्या दिवशी आलेल्या मुलीपासून आत्यापर्यंत सगळ्यांना एकच नियम. ही शिक्षा कोणाला वाटायची नाही. उसवणाऱ्यासाठी चहा आधी यायचा.

मी फाईल उघडली. ओळींचे शेवट बघितले. स्वच्छ, लख्ख. एकाही ओळीच्या शेवटी मोकळी जागा नव्हती.

लोकरवाला यंत्राला तेल घालत होता. मी त्याला खिडकीशी गाठलं.

"मोकळी जागा म्हणजे काय तुमच्या भाषेत?"

तो तेलाची बुधली पुसत राहिला. "साधा टाका."

"म्हणजे?"

"स्वेटरमध्ये साधे टाकेच जास्त. प्रत्येकासाठी अक्षर कुठे लिहीत बसायचं? म्हणून आत्याने ठरवलं, काही लिहिलं नाही म्हणजे साधा टाका. नक्षी संपली की कडेपर्यंत नुसती मोकळी जागा."

"आणि मी ती झाडून टाकली. यंत्राला वाटलं, इथे विणायचंच नाही."

"हं."

"मग आत्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

"जाऊ द्या ना. आत्याचं एकदा मन उठलं की उठलं. प्लगिनच नको म्हणाली असती. विक्रेता चार दिवसांवर आलाय, त्यात तुमचं नाव—"

"माझं नाव तुम्ही कशाला सांभाळायचं?"

"म्हणजे... कोणीतरी..."

"ती चूक माझी आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता, मुलींची यंत्रंही थांबली असावीत. "माझ्या हातची, माझ्या डोक्यातून निघालेली. चाळीस भाषांवर माझं नाव आहे ते काही दुसऱ्याने माझ्या चुका पोटात घातल्या म्हणून नाही. परत द्या ती मला."

तो बघतच राहिला. "चूक परत मागायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

"नीट बघून घ्या."

"बघतोच आहे," तो हळूच म्हणाला. माझा राग तिथेच थोडा सांडला. पण मी तो गोळा केला आणि आत्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, स्वेटर मी कुरतडला. याने नाही. ओळीच्या शेवटची मोकळी जागा कचरा समजून मी काढून टाकली."

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "कचरा? कोणी सांगितलं तुला?"

"चाळीस भाषांनी."

"आणि एक्केचाळिसावी काय म्हणते?"

"टाका आहे म्हणते."

"मग झालं तर." तिने भाच्याकडे पाहिलं. "आणि तू रे? दुसऱ्याची चूक आपल्या खिशात घालून हिंडायला केव्हापासून लागलास?"

कान लाल. मुली पुन्हा हसल्या.

"स्वेटर आणा," मी म्हणाले. "मी बसते उसवायला."

"उसवला मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काल रात्रीच."

आत्याने एकदा त्याच्याकडे, एकदा लोकरीच्या फळीकडे पाहिलं. मला चुटपुट लागली. माझा उसवायचा मान गेला होता. तिने दोन सुया आणि उरलेली निळी लोकर माझ्या हातात दिली. "उसवायला नाही, तर विणायला बस. बोटभर. सगळे साधे टाके, नक्षी नाही. झालं की दाखव."

मी विणलं. बोटभर विणायला मला संध्याकाळ पुरली नाही. टाके कधी घट्ट, कधी ढिले. लोकरवाला शेजारी बसून माझ्या करंगळीवरून धागा कसा घ्यायचा ते दाखवायचा, बोट लावताना विचारायचा, "लावू?" आणि मी "काम आहे ते, लावा," म्हणायचे. कामच होतं. पण एवढं मऊ काम मी कधी केलं नव्हतं.

शेवटची ओळ झाल्यावर आत्याने ती पट्टी ओढून पाहिली. "वाकडी आहे. पण सुटत नाही." माझ्या मते हे पारितोषिक होतं. "आता ये, तुला काम सांगते. तुझ्या त्या चाळीस भाषांत उसवायची सोय आहे का?"

"खोडायची आहे."

"खोडणं वेगळं. उसवलं की लोकर हातात राहते. पोरीला चुकल्या ओळीपाशी बोट ठेवता आलं पाहिजे, आणि तिथून पुढचं सगळं उसवलं गेलं पाहिजे. पण पुसायचं नाही. काय केलं होतं ते दिसायला हवं, म्हणजे पुन्हा तसं करणार नाही."

उत्तर माझ्याच पहिल्या आज्ञेत पडलेलं होतं. चुकल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळ्या ओळींना गाठ. गप्प होतील, पण राहतील. मुलगी त्यांच्याकडे बघत बघत नव्या ओळी लिहील. मी त्या आज्ञेचं नाव 'उसव' ठेवलं. झाडलोट उलटसुलटपुरती कायमची बंद केली, आणि तिच्या जागी एक वेगळी सोय दिली. मोकळ्या जागा आता स्क्रीनवर फिक्या ठिपक्यांसारख्या दिसू लागल्या. एक ठिपका, एक साधा टाका. जिथे काही नाही असं वाटायचं तिथे ओळीच्या टोकापर्यंत टाकेच टाके भरलेले होते.

आत्याने अक्षर मोठं करून घेतलं आणि स्क्रीनला नाक लावून पाहिलं.

"हे मला कधी दिसले नव्हते," ती म्हणाली. "नुसते माहीत होते."

*

विक्रेता आला. सभ्य माणूस होता, सदरा इस्त्रीचा, यंत्राची चित्रं सुरेख. मुलींनी बोटांनी चित्रं सरकवून पाहिली, त्यांना मजा वाटली. मी लोकरवाल्याकडे पाहिलं, तो आत्याकडे बघत होता, आणि आत्या सगळ्यात धाकट्या मुलीकडे.

"तू बस," आत्या तिला म्हणाली. "बाही लिही."

धाकटीने माझं प्लगिन उघडलं. मनगटाची नक्षी लिहिली, ठिपके मोजले, पुढे गेली, आणि मध्येच चुकली. खोलीतली सगळी यंत्रं बंद होती. तिने ओठ चावला. मग चुकल्या ओळीवर आली आणि कळ दाबली. खालच्या ओळींवर गाठी बसल्या, त्या फिक्या झाल्या. तिने त्यांच्याकडे बघत नवी ओळ सुरू केली. शेवटी फाईल यंत्राकडे पाठवली. खर्र... खर्र... बाही उतरली. दोन्ही कडा सरळ.

आत्याने विक्रेत्याला विचारलं, "तुमच्या चित्रांत उसवता येतं?"

"डिलीट करता येतं, मावशी."

"मग केलेली चूक कुठे बघायची?"

विक्रेता प्रामाणिक होता. "ती राहत नाही," म्हणाला.

"आमच्याकडे राहते," आत्या म्हणाली, आणि त्याला चहा पाजून, घरच्यांची विचारपूस करून, दारापर्यंत पोचवून आली. मग स्क्रीनसमोर बसली, दोन बोटांनी टकटक करत धाकटीच्या फाईलच्या अगदी वर एक गाठ मारली. मी मागून वाचलं. "आता उसवता येतं. नीटनेटकीने करून दिलं."

नीटनेटकी म्हणजे मी. घर झाडून दिलं ना मी त्यांचं.

त्या दिवशी यादीत चाळीस नावांखाली एक्केचाळिसावं आलं. उलटसुलट. वापरणारे किती, असा रकाना असतो तिथे. इतर भाषांसमोर मोठमोठे आकडे होते. इथे मी धाकटीला धरून 'चार' लिहिलं, आणि माझ्या सगळ्या कामात मला एवढा मोठा आकडा दुसरा वाटला नाही. घरी गेले ती छाती पुढे काढूनच. वहिनीने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाषा वाचली?"

"वाचली."

"आणि लोकरवाला?"

"त्याचं काय?"

"म्हणजे काम संपलं ना? आता कुठल्या निमित्ताने जाणार?"

हा विचार मी केला नव्हता. रात्रभर दाढ ठणकली.

*

दाढ काढायच्या दिवशी वहिनीला नेमकं काम निघालं. नेमकं कसं निघालं ते मी अजून विचारलेलं नाही. आत अर्धा तास झगडा झाला, आणि मी बाहेर आले ती गालात कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर, आणि तासभर तोंड उघडायचं नाही ही ताकीद घेऊन.

त्याच खुर्चीत तो बसला होता. मांडीवर लॅपटॉप.

आणि अंगात एक राखाडी स्वेटर. डावी बाजू सरळ, उजवी वर चढलेली. उजवी कड कुरतडलेली होती, कोणीतरी ती हाताने दुमडून, बारीक टाके घालून शिवलेली.

मी बोट दाखवलं. "हं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"उसवला नाही," तो म्हणाला. कान लाल होते, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. "आत्याशी खोटं बोललो. तिला कळलंय, फळीवर लोकर परत आली नाही ना. काल विचारलं मला, ठेवलास का? म्हटलं, ठेवला. म्हणाली, कारखान्यात अंगावर घालून यायचं नाही, मुली बिघडतील." त्याने एक मोठा श्वास घेतला. "आमच्याकडे सगळं उसवतात. हा एक नाही उसवू शकलो. तुमच्या हातचा आहे. ठिपके तेव्हा दिसत नव्हते मला, पण... तुम्ही चूक परत मागायला आलात ना, त्या दिवशी ठरलं माझं. तुमचं अजून ठरायचं असेल. घाई नाही. तोंड बधिर आहे हे माहीत आहे मला, म्हणून आजच बोललो. नाहीतर तुम्ही बोलू देता थोडंच?"

मला हसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते डॉक्टरांच्या सुईमुळे आलं असं म्हणायलाही तोंड नव्हतं. मी त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला.

एडिटरमध्ये एक फाईल उघडी होती. उलटसुलट. एका स्वेटरची. मापं माझी होती. ती कुठून मिळाली असतील हेही मी वहिनीला अजून विचारलेलं नाही. ओळींच्या टोकापर्यंत फिके ठिपके ओळीने बसलेले होते, एकही निसटलेला नाही.

मी सगळ्यात वर गेले. कळ दाबली. गाठ बसली. मग टकटक करत लिहिलं:

"बाह्या थोड्या लांब कर. गळा ठीक आहे. आणि हा अंगातला उसवायचा नाही, तो माझा आहे, काढ आणि दे. बाकी सगळ्याला हो."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठला, आणि भर खोलीत, गाल धरून बसलेल्या माणसांदेखत, स्वेटर डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. केस विस्कटले, भुवईवर राखाडी तंतू राहिला.

मी तो घातला. उजवीकडून वर चढत होता, कमरेपर्यंतही पुरत नव्हता. मग मी वाकून त्याच्या भुवईवरचा तंतू बोटाने काढला. फुंकर मारण्याइतकं तोंड अजून माझं नव्हतं.

तो पुन्हा बसला आणि लॅपटॉपवर प्लगिनची यादी उघडली. एक्केचाळिसाव्या नावासमोर बोट ठेवून म्हणाला, "हा आकडा चुकलाय. दुरुस्त करा."

मी चार काढून पाच केला.